कनूतून बास गरवायचा, तर रॉड किती लांब?

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात बास मासा गरवायच्या रॉडांची रांग पाहा. सात फूट, सात फूट तीन इंच, साडेसात फूट असे रॉड ओळीने उभे असतात आणि साडेसहा फुटांचे चारदोन कुठेतरी कडेला. नव्या माणसाला साहजिकच वाटतं, लांब तेच चांगलं. आपल्यातले जे मालवण-रत्नागिरीकडचे आहेत, खडपावर उभं राहून ज्यांनी लाटांच्या पलीकडे गरी फेकली आहे, त्यांचा हात तर आपोआप सगळ्यात लांब काठीकडे जातो. किनाऱ्यावर ते बरोबरही आहे. पण तुम्ही कनूत बसून लार्जमाउथ किंवा स्मॉलमाउथ बासच्या मागे जाणार असाल आणि एकच रॉड घेणार असाल, तर माझं मत स्पष्ट आहे: साडेसहा फुटांचा घ्या. अंगाने उंच असाल तर पावणेसात. त्याच्या वर जावं लागेल असे प्रसंग थोडे आहेत, ते पुढे सांगतोच.

लांब रॉडांचं हे राज्य तसं फार जुनं नाही. रे स्कॉट यांनी १९६७ साली आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बासची मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी बी.ए.एस.एस. ही संघटना काढली. त्या काळी साडेपाच-सहा फुटांचे, आखूड पिस्तुली मुठीचे रॉड सर्रास वापरात होते. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी लव्हाळ्यांच्या दाटीत लांब काठीने आमिष अलगद सोडायचं तंत्र पुढे आणलं. त्याला फ्लिपिंग म्हणतात. त्यासाठी साडेसात फुटी रॉड बाजारात आले. बास बोटीही पुढे रुंद, सपाट डेकच्या होत गेल्या. त्या डेकवर माणूस उभा असतो, कमरेतून वळतो, पाण्यापासून चांगला उंचावर असतो. दुकानातले सात-साडेसात फूट हे त्या उभ्या माणसाचं माप आहे. कनूतला माणूस बसलेला असतो, आणि इथूनच सगळा हिशोब बदलतो.

दोघांची नेहमीची कनू सोळा-सतरा फूट लांब आणि मधोमध तीन फुटांच्या आसपास रुंद असते. बैठक तळापासून जेमतेम फूटभर वर. म्हणजे रॉड धरलेला हात पाण्यापासून दीड-दोन फुटांवर येतो. आता झारा स्पूकसारखं पाण्यावर डावीकडे-उजवीकडे नाचवायचं आमिष घ्या. ते नाचवायला रॉडचा शेंडा खाली करून मनगटाने बारीक झटके द्यावे लागतात. डेकवर उभ्या असलेल्या माणसाला शेंडा खाली करायला भरपूर जागा असते. कनूत मात्र साडेसात फुटांचा शेंडा दर झटक्याला पाण्यावर आपटतो, ढिली पडलेली दोरी शेंड्याच्या कडीभोवती गुंडाळली जाते, आणि नेमका त्याच वेळी मासा येतो. साडेसहा फुटांचा रॉड थोडा तिरका, बाजूला धरला की हे काम नीट होतं.

लांब रॉडची मोठी जाहिरात असते ती लांब फेकीची. कनूत तिची गरज कमी. मोटर नसलेली, तीन-चार इंच पाण्यातूनही सरकणारी ही होडी तुम्हाला कमळाच्या पानांच्या कडेपर्यंत, पडलेल्या ओंडक्यापर्यंत निमूट नेऊन सोडते. वल्हं कडेवर आपटलं नाही आणि आमिषांचा डबा तळाशी घासला नाही, तर चाळीस-पन्नास फुटांवरून बासला तुमचा पत्ता लागत नाही. तेवढ्या अंतरावर अचूकपणा महत्त्वाचा. पानांमधल्या परातीएवढ्या मोकळ्या जागेत आमिष पाडायला आखूड रॉड हाताला जास्त ऐकतो.

दोघे असाल तर

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि रॉड विकणारे तो सहसा काढत नाहीत. दोघांच्या कनूत पुढच्या आणि मागच्या बैठकीत साधारण आठ-नऊ फुटांचं अंतर असतं. मागच्याने आडवी फेक केली तर गळ किती लांबून फिरतो ते मोजा. लांबवलेला हात दोन फूट. साडेसात फुटी रॉडचा मुठीपुढचा भाग साडेसहा फूट. शेंड्याखाली लोंबणारं आमिष आणखी फूटभर. एकूण साडेनऊ फूट. म्हणजे तीन-तीन काट्यांचे दोन गळ तुमच्या सोबत्याच्या कानावरून जातात. साडेसहा फुटी रॉडला हाच हिशोब पावणेनऊच्या आत येतो. धोका टळला असं मी म्हणणार नाही, कारण तो टळत नाही. पण मागे थोडं सरकून, आमिष शेंड्याजवळ घेऊन फेकलं तर जागा उरते. साडेसात फुटांत ती उरतच नाही.

म्हणून रॉड कुठलाही असो, दोघांच्या कनूत आडवी फेक करू नये. सरळ डोक्यावरून फेकावं, आणि फेकण्याआधी तोंडाने सांगावं. आम्ही नवरा-बायको "टाकतोय" एवढंच म्हणतो. पुढच्याने समोरचा अर्धा भाग घ्यावा, मागच्याने आपल्या बाजूचा आणि मागचा. दोघांनीही गळांच्या टोकांमागचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकावेत. कुठे रुतलाच तर निघताना मांस फाडत नाही, आणि मासा सोडतानाही त्याला कमी इजा होते. डोळ्यांवर चष्मा हवाच, मग ऊन असो वा नसो.

डोक्यावरून फेकायचं म्हटलं की वरच्या फांद्या आल्या. दक्षिणेकडच्या ओझार्क डोंगरांत, आर्कान्सामधल्या बफेलो नदीवर हे फार जाणवतं. १९७२ साली जाहीर झालेली ही देशातली पहिली राष्ट्रीय नदी. तिच्यात स्मॉलमाउथ आहेत आणि काठावरची झाडं जागोजाग पाण्यावर ओणवतात. अशा पात्रात सहा फुटांचा रॉडही मी चालवून घेईन. तुमचं बहुतेक गरवणं अरुंद नदीतच होणार असेल तर साडेसहाऐवजी सहा घ्यायला हरकत नाही.

मग आणखी आखूड, साडेपाच फुटांचा का नको? त्याचं उत्तर मासा लागल्यावर मिळतं.

मासा कनूखाली शिरतो तेव्हा

स्मॉलमाउथ जवळ आला की त्याला कनूची सावली दिसते आणि तो सरळ तिच्याखाली बुडी मारतो. दोरी कडेवर घासली, रॉड कडेवर टेकून वाकला, की एक तर तंगूस तुटतो नाहीतर रॉड. अशा वेळी ओढायचं नाही. शेंडा पाण्यात खुपसायचा, दोरी थोडी सैल सोडायची आणि रॉड कनूच्या टोकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला न्यायचा. हा वळसा पूर्ण होण्याइतका रॉड लांब हवा.

एकट्याच्या पंधरा फुटी कनूत तुम्ही मधोमध, किंचित मागे बसलेले असता. मागचं टोक सात-सव्वासात फुटांवर. हात दोन फूट, साडेसहा फुटी रॉडचा मुठीपुढचा भाग पावणेसहा फूट, एकूण पावणेआठ. टोकापलीकडे शेंडा जातो. साडेपाच फुटी रॉडने हाच हात पावणेसात फुटांवर संपतो, टोक राहतं पुढेच, आणि ते गाठायला तुम्ही ओणवे होता. कनूत ओणवं होणं म्हणजे काय ते एकदा पाण्यात पडलेल्याला सांगायला नको. दोघांच्या कनूत टोकं जवळ असतात, तिथे ही अडचण कमी येते. पण रॉड एकच घ्यायचा असेल तर तो कठीण प्रसंगाला पुरणारा घ्यावा.

उलट बाजूने पाहा. मासा दमला, आता हातात घ्यायचा. रॉड जितका लांब तितका मासा तुमच्यापासून दूर लोंबतो. साडेसात फुटी रॉडने त्याला हाताशी आणायचं तर रॉड डोक्यामागे, दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो. एक हात मागे, दुसरा पाण्याकडे, आणि कनू माशाच्या बाजूला कलते. शिवाय रॉड उभ्या रेषेच्या मागे गेला की सगळा ताण बुंध्यावरून निघून बारीक शेंड्यावर येतो. ग्रॅफाइटचे रॉड तिथेच, शेंड्यापासून हातभरावर, काडकन तुटतात. दुकानदार त्याला रॉडचा दोष मानत नाही आणि त्याचं बरोबर आहे. साडेसहा फुटांतही नियम पाळावाच: साधारण रॉडच्या लांबीएवढी दोरी बाहेर ठेवायची, रॉड कानाच्या मागे न्यायचा नाही, आणि मासा कनूला समांतर आणायचा. लहान मुठीची हातजाळी जवळ असली तर फारच सोयीचं. बासचा खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो, त्याचे दात सँडपेपरसारखे बारीक असतात. पण मिनेसोटाच्या उत्तरेकडे त्याच आमिषाला नॉर्दर्न पाइक लागतो, आणि त्याच्या तोंडाजवळ बोट न्यायचं नाही.

लांब रॉडच्या बाजूनेही एक खरी गोष्ट आहे. बासने आमिष तोंडात घेतलं की झटका देऊन गळ रुतवावा लागतो. बसलेल्या माणसाला कमरेचा जोर लावता येत नाही, आणि झटका दिला की हलकी कनूच माशाकडे सरकते, म्हणजे अर्धा जोर तिथे जातो. लांब रॉड एका हालचालीत जास्त दोरी ओढतो, हे मान्य. पण त्यावर न ताणली जाणारी विणलेली दोरी, बारीक तारेचे धारदार गळ आणि आधी ढील गुंडाळून मग आडवी, लांब ओढ, एवढं केलं की साडेसहा फूट पुरतात. वर हात उडवून द्यायचा झटका टीव्हीवर छान दिसतो. कनूत तो चुकला तर तोल जातो.

मुठीकडे लक्ष द्या

लांबी बघताना सगळे शेंड्याकडे बघतात. कनूत त्रास देते ती मागची मूठ. तुम्ही लाइफ जॅकेट घातलेलं असतं, कोपर अंगाजवळ असतं, मांड्या समोर असतात. रीळ बसतं तिथपासून मागच्या टोकापर्यंत मूठ बारा-चौदा इंच असेल तर ती दर फेकीला जॅकेटच्या पट्ट्यात अडकते आणि आमिष नाचवताना बरगडीला ढोसते. नऊ-दहा इंचांच्या आत मूठ असलेला रॉड निवडा. एकाच लांबीच्या दोन रॉडांत मुठीचा तीन इंचांचा फरक सहज सापडतो. साडेसहा फुटी रॉडाची मूठ लांब असेल तर तो मला नको. पावणेसात फुटी असून मूठ आखूड असेल तर मी तो आनंदाने घेईन.

बाकीचा जोड

ताकद मीडियम, अॅक्शन फास्ट, आणि रीळ स्पिनिंग. फास्ट म्हणजे वाक मुख्यत्वे वरच्या भागात येतो, बुंधा ताठ राहतो. अशा रॉडवर साधारण पाव ते पाच-अष्टमांश औंस, म्हणजे सात ते अठरा ग्रॅमपर्यंतची आमिषं चालतात. पाच इंची मऊ सेंको वजनाशिवायच या मापात बसतो. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली कोरलेल्या माशाच्या घराण्यातली तरंगती आमिषं, छोटे स्पिनरबेट, ट्यूब, टेक्सास रिग, सगळं यात येतं. बेटकास्टिंग रीळ चांगलंच आहे, पण वाऱ्यात भरकटणाऱ्या कनूत गुंता सोडवत बसलात तर कनू खडकावर जाऊन टेकते. रीळ २५०० आकाराचं. दहा पौंडी विणलेली दोरी आणि पुढे तीन-चार फूट आठ पौंडी फ्लुरोकार्बन. त्रास नको असेल तर सरळ आठ पौंडी तंगूस भरा, तोही वर्षानुवर्षं मासे धरत आला आहे.

रॉडवरचा क्रमांक वाचायला शिका, म्हणजे विक्रेत्याला विचारावं लागणार नाही. विस्कॉन्सिनच्या सेंट क्रॉय कंपनीच्या रॉडवर ‘६६एमएफ२’ असं काही दिसलं की ते साडेसहा फूट, मीडियम, फास्ट, दोन तुकडे. इतर कंपन्यांची मांडणी थोडी वेगळी असते, पण लांबीचे आकडे आणि ताकदीचं अक्षर बहुतेकांवर सापडतं. खडबडीत वापर होणार असेल, मुलं बरोबर असतील, तर काचतंतू मिसळलेला अग्ली स्टिकसारखा रॉड घ्या. वजनाला थोडा जड, पण पायाखाली आला तरी बहुधा वाचतो. मी पाहिलेले बहुतेक रॉड माशाने मोडलेले नाहीत, ते कनूत चढता-उतरताना पायाखाली मोडले आहेत.

मधे बसणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला साडेपाच फुटांचा हलका रॉड द्या. त्याला वळसे घालायचे नसतात, तुम्ही घालाल.

दोन तुकड्यांचा रॉड घ्यावा का? कनूसाठी होय. मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्समध्ये दहा लाख एकरांच्या वर रान आणि हजाराहून अधिक तळी आहेत. बहुतेकांवर मोटरला बंदी. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर कनू डोक्यावर घेऊन जंगलातल्या पायवाटेने चालावं लागतं. त्याला पोर्टेज म्हणतात. हातात सात फुटी अखंड रॉड असेल तर स्प्रूसच्या प्रत्येक फांदीत तो अडकतो. साडेसहा फुटी रॉडचे दोन तुकडे प्रत्येकी एकोणचाळीस इंचांचे. वेल्क्रोच्या पट्टीने एकत्र बांधून ते कनूच्या आतल्या आडव्या दांड्याला लावता येतात. आमिष मात्र काढूनच ठेवा, चालताना लोंबणारा गळ कुणाच्या तरी दंडात जातो. सांध्यापाशी रॉड दुबळा असतो हा जुना समज चांगल्या रॉडांबाबत आता खरा राहिलेला नाही. मात्र दिवसभर फेकून सांधा हळूहळू सैल होतो. दुपारी जेवणाच्या वेळी दोन्ही तुकडे पिळून घट्ट बसवा आणि कड्या एका रेषेत आहेत का ते डोळा लावून बघा. नाहीतर पुढच्या फेकीला वरचा अर्धा भाग आमिषामागोमाग निघून जातो.

सात फूट किंवा जास्त कधी? कमळाच्या दाट पानांवरून रबरी बेडूक ओढायचा असेल तेव्हा. लार्जमाउथ पानांसकट बाहेर काढावा लागतो आणि तिथे सात फुटी मीडियम हेवी, तीस ते पन्नास पौंडी विणलेली दोरी हवी. रुंद, स्थिर कनूला बाजूचे तरंगते आधार लावून तुम्ही उभे राहून गरवत असाल, तर बास बोटीचं माप तुम्हालाही लागू पडतं. पण हा दुसरा रॉड. पहिला घ्यायच्या आधी तो घेऊ नका.

परवान्याचंही लगेच बघून टाका. मिनेसोटात सोळा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला मासेमारीचा परवाना लागतो, आणि बाउंडरी वॉटर्समध्ये १ मे ते ३० सप्टेंबर या काळात मुक्कामाला जायचं तर ठरावीक संख्येचे प्रवेश-परवाने आधी घ्यावे लागतात. बासचा हंगाम आणि किती मासे ठेवता येतात हे त्या वर्षीच्या सरकारी पुस्तिकेत बघा, ते बदलतं. लाइफ जॅकेट प्रत्येकी एक कनूत हवंच, आणि दहा वर्षांखालच्या मुलांच्या अंगात हवंच. मोठ्यांनीही ते अंगात ठेवावं. वसंतात बर्फ नुकतंच वितळलेलं असतं, त्या पाण्यात चांगला पोहणाराही काही मिनिटांत हातापायांतली ताकद गमावतो.

आणि दुकानात जाताना तेच जॅकेट बरोबर न्या. ते घाला, रॉडला रीळ लावून मागा, आणि एखाद्या बुटक्या स्टुलावर किंवा पायरीवर बसा. उभं राहून रॉड हलवू नका, तो उभ्याने नेहमीच छान वाटतो. बसून डोक्यावरून फेकल्यासारखं करा, मूठ जॅकेटला लागते का बघा. शेंडा खाली करून मनगटाने झटके द्या, तो जमिनीला टेकतो का बघा. रॉड उजवीकडून डावीकडे, गुडघ्यांवरून फिरवा. हे सगळं न अडखळता जमेल तो रॉड घ्या, मग शेजारी ठेवलेला सात फुटी कितीही स्वस्तात मिळत असो.